विजेचा फूटव्हॉल्व

(सोलापूर जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय वाचून काही जणांनी दारातच विचारले, "कापसाच्या भावाचे राहिले, ज्वारीच्या खरेदीचे राहिले, आणि आज हे डायोड कुठून काढले?" प्रश्न रास्त आहे. भावाचा विषय दुपारी आहेच. पण सकाळचा हा एक तास आम्ही मुद्दाम मागून घेतला. कारण भाव मिळायचा तर आधी पीक हातात यावे लागते, आणि कोरडवाहू रानात पीक हातात येते ते वेळेवर मिळालेल्या एखाद्या पाण्यावर. ते एक पाणी आता आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या रानात सौर पंपावर अवलंबून आहे.

राज्य सरकारने २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आणली. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. पॅनेलचे आयुष्य मात्र पंचवीस वर्षांचे सांगतात. वजाबाकी करा. पाच वर्षे दुरुस्ती पुरवठादाराने करायची, उरलेली वीस वर्षे पंप आणि आपण. त्या वीस वर्षांत पाच-पन्नास रुपयांच्या भागासाठी कोणाच्या दारात उभे राहायचे नसेल, तर तो भाग ओळखता आला पाहिजे. आपण तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणारी माणसे आहोत. जे समजत नाही त्याचे स्वातंत्र्य मिळाले तरी वापरता येत नाही.

आमचीच फजिती

आधी आमची फजिती सांगतो, म्हणजे दुसऱ्याला शहाणपण शिकवल्याचे पाप लागणार नाही.

मालदांडी पेरली होती सप्टेंबरच्या अखेरीस. रब्बी ज्वारीची पाण्याची वेळ तुम्हाला पाठ आहे: २८ ते ३० दिवसांनी, पोटरीत ५० ते ५५ दिवसांनी, फुलोऱ्यात ७० ते ७५ आणि दाणा भरताना ९० ते ९५ दिवसांनी. पहिली दोन पाणी नीट झाली. फुलोऱ्याचे पाणी आले डिसेंबरच्या मध्यावर. पंप सुरू केला तर पाण्याला जोरच नाही. सकाळी अकरापर्यंत नुसती धार, दुपारी दोन तास बरे, पुन्हा धार. पुरवठादाराला फोन केला. उत्तर आले, ढग असतील. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. माणूस यायला नऊ दिवस लागले. तोपर्यंत टोकाकडचे पाट कोरडेच राहिले, आणि त्या ओळींची कणसे भरलीच नाहीत.

दोष दोन निघाले. पहिला आमचा. शेतकीची पदवी घेतलेल्या शहाण्यांनी पॅनेलच्या दक्षिणेला अगदी खेटून ज्वारी पेरली होती. ऑक्टोबरात ती गुडघ्याएवढी होती तेव्हा काही बिघडले नाही. डिसेंबरात सात फूट झाली आणि तिची सावली पॅनेलच्या खालच्या कडेवर चढली. दुसरा दोष यंत्राचा. एका पॅनेलच्या मागच्या डबीतला डायोड मेलेला होता. त्या पॅनेलवर सावली पडली आणि काचेखाली तपकिरी डाग उठला, भाकरी करपल्यासारखा.

वीतभर सावली आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान भाग. नऊ दिवस गेले ते एवढ्यावर.

डायोड म्हणजे काय

विहिरीत पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व असतो. पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. तो गळका असला की पंप दर वेळी पाणी भरून सुरू करावा लागतो. डायोड म्हणजे विजेचा फूटव्हॉल्व. वीज एका दिशेने जाऊ देतो, उलट येऊ देत नाही.

ही उपमा आम्ही ओढूनताणून आणलेली नाही. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंगने काचेच्या नळीचा पहिला डायोड केला, तेव्हा त्याने त्याला व्हॉल्व हेच नाव दिले. जुने लोक 'व्हॉल्वचा रेडिओ' म्हणत, तो शब्द तिथून आला. त्याच १९०४ साली आपल्या जगदीशचंद्र बोसांना गॅलेना या खनिजाच्या खड्यापासून केलेल्या शोधक यंत्राचे अमेरिकेतले पेटंट मिळाले. आजचे डायोड काचेच्या नळीच्या वाटेने गेले नाहीत, ते बोसांच्या खड्याच्या वाटेने आले.

हल्लीचा डायोड सिलिकॉनचा असतो. सिलिकॉन वाळूतून काढतात. शुद्ध सिलिकॉन वीज फारशी वाहू देत नाही. म्हणून त्याला खत घालतात, आणि खते आपल्या ओळखीची आहेत. एका बाजूला स्फुरद, दुसऱ्या बाजूला बोरॉन. स्फुरद आपण पेरणीबरोबर देतो, बोरॉन कपाशीवर फवारतो. सिलिकॉनच्या अणूला बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन, स्फुरदाला पाच, बोरॉनला तीन. म्हणजे स्फुरदाच्या बाजूला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, बोरॉनच्या बाजूला एक जागा रिकामी. दोन्ही बाजू जिथे भेटतात तिथे एक अदृश्य बांध तयार होतो. विजेचा रेटा योग्य दिशेने लागला की बांध खचतो आणि प्रवाह वाहतो. रेटा उलटा लागला की बांध आणखी रुंद होतो.

योग्य दिशेने जातानाही डायोड थोडी जकात घेतो. साध्या सिलिकॉन डायोडची जकात ०.६ ते ०.७ व्होल्ट. ती जकात उष्णतेत जाते, म्हणून मोठा प्रवाह वाहणारा डायोड गरम होतो. आणि गंमत पाहा, सौर पॅनेलचा प्रत्येक सेलसुद्धा असाच एक मोठा, पसरट डायोडच आहे. उन्हाने त्यात वीज तयार होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाण्याची कामे, विजेचे डायोड

डायोडचे प्रकार बरेच आहेत. आपल्या रानात येतात तेवढेच सांगतो.

पहिला, दिशा लावणारा. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर जी वीज तयार करतो ती मागेपुढे हेलकावणारी असते. बॅटरीला लागते एका दिशेची. अल्टरनेटरमधले सहा डायोड तो हेलकावा एका दिशेला वळवतात. त्यातला एक फुटका झाला की बॅटरी रात्रीतून उतरते, आणि आपण दोष बॅटरीला देऊन नवी घेऊन येतो.

दुसरा, अडवणारा. नान्नज-मार्डीकडच्या लोकांना काळविटांचे कळप सांगायला नकोत, बाकीच्यांना रानडुकरे आहेत. त्यासाठी झटका मशीन लावतो. छोटे पॅनेल, बारा व्होल्टची बॅटरी. दिवसा पॅनेल बॅटरी भरते. रात्री पॅनेलमध्ये वीज नसते, बॅटरीत असते, आणि ती उलटी पॅनेलकडे झिरपू लागते. मध्ये अडवणारा डायोड असला की झिरपणे थांबते. फवारणीच्या बॅटरी पंपात असाच डायोड वायर उलटी जोडली गेली तर आतले सर्किट वाचवतो, अर्थात बनवणाऱ्याने तो घातला असेल तर.

झटका मशीनचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. कुंपणाला घरची किंवा खांबावरची वीज थेट जोडू नका. तो गुन्हा आहे, आणि रात्री दारे धरायला गेलेल्या आपल्याच माणसाचे मरण आहे. झटका मशीन क्षणभराचा ठोका देऊन सोडून देते. थेट वीज सोडत नाही.

तिसरा, फ्रीव्हीलिंग डायोड. नाव सायकलवरून ओळखा. पायडल थांबले तरी चाक फिरत राहते, ते फ्रीव्हीलमुळे. मोबाइलवर चालणाऱ्या स्टार्टरच्या आत छोटी रिले असते, तिच्यात तारेचे वेटोळे. वेटोळ्यातला प्रवाह एकदम तोडला की वीज तिथेच उसळते, बारा व्होल्टच्या जागी शेकडो व्होल्टचा ठोका बसतो. भरल्या पाइपलाइनचा व्हॉल्व झटक्यात बंद केला की पाणी आपटून जोड फुटतो, तसेच. वेटोळ्याला आडवा लावलेला डायोड त्या प्रवाहाला आतल्या आत फिरून शमायला वाट देतो. या कामाला बहुधा १एन४००७ नावाचा डायोड असतो. एक ॲम्पियर, एक हजार व्होल्ट, किंमत चहापेक्षा कमी. तो गेला की स्टार्टरचे सबंध कार्ड जाते आणि कार्डाचे पैसे हजारांत मोजावे लागतात.

चौथा, झेनर. बाकीच्या डायोडात वीज उलटी वाहिली की तो खराब झाला असे समजावे. झेनर मात्र मुद्दाम उलटा लावतात. ठरलेल्या पातळीपर्यंत तो अडवतो, पातळी ओलांडली की जादा वीज सोडून देतो. धरणाला सांडवा असतो तो याच कामासाठी. कंट्रोलरच्या कार्डावर नाजूक भागांना पाच व्होल्ट हवे असतात, तिथे झेनर पातळी राखतो. पण सांडव्याला मर्यादा असते. झेनर छोट्या ओढ्याचा सांडवा. एकदम येणाऱ्या लोंढ्यासाठी टीव्हीएस नावाचा दणकट डायोड असतो, आणि त्याहून मोठ्या लोंढ्यासाठी सर्ज प्रोटेक्टर. सर्ज प्रोटेक्टरमध्ये बहुधा डायोड नसून धातूच्या ऑक्साइडची चकती असते. काम तेच, जादा वीज जमिनीत सोडणे.

जमिनीत सोडायची तर जमीन घ्यायला तयार पाहिजे. आपली काळी रेगड एप्रिल-मेमध्ये हातभर फाटते. अर्थिंगच्या सळईभोवती भेग पडली की वीज जमिनीत उतरायची कशी? आणि नेमका तेव्हाच वळवाचा गडगडाट सुरू होतो. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जा, भेगा मातीने बुजवा. जागेवरच वीज कोसळली तर काहीच वाचत नाही, हे खरे. पण दूरच्या विजेने तारेत येणारा लोंढा चांगल्या अर्थिंगने पुष्कळदा निभावतो.

पाचवा, शॉटकी. हा कमी जकातीचा डायोड. ०.७ च्या जागी साधारण ०.३ ते ०.४ व्होल्ट. नऊ ॲम्पियर प्रवाहाला साधा डायोड सहा वॉटहून जास्त उष्णता करतो, शॉटकी साडेतीन वॉटच्या आसपास. पॅनेलच्या मागच्या डबीत बहुधा हाच असतो. त्याचा एक दुर्गुण आहे. फार तापला की उलट दिशेने गळू लागतो. सोलापूरचा उन्हाळा आणि ती बंद डबी, दोन्ही लक्षात घ्या.

पॅनेलच्या मागची डबी

आता आमच्या करपलेल्या पॅनेलकडे परत येऊ.

बहात्तर सेलचे पॅनेल म्हणजे चोवीस-चोवीस सेलच्या तीन माळा. माळेतले सेल एकामागे एक जोडलेले. पाटाला एका ठिकाणी ढेकूळ आडवे पडले की पुढचे सगळे पाणी तुंबते. तसा एका सेलवर पानाएवढी सावली पडली की सगळ्या माळेचा प्रवाह तुंबतो. बाकीचे सेल रेटा देतच राहतात. मग सावलीतला सेल वीज करायची सोडून दुसऱ्यांची वीज खाऊ लागतो, तापतो, करपतो.

म्हणून प्रत्येक माळेला आडवाटेचा एक डायोड असतो. त्याला बायपास डायोड म्हणतात. एरवी तो गप्प असतो. माळ तुंबली की तो उघडतो आणि प्रवाह बाजूने काढून देतो. पॅनेलची एक तृतीयांश वीज जाते, पण दोन तृतीयांश चालू राहते आणि सेल करपत नाही.

हा डायोड दोन तऱ्हेने मरतो. आरपार झाला, म्हणजे कायमचा उघडा राहिला, तर त्या माळेची वीज उन्हातही मिळत नाही. पंचेचाळीस व्होल्टच्या आसपास दाखवणारे पॅनेल तीसच्या आसपास दाखवते. वीज कडाडून गेल्यावर असे बऱ्याचदा होते. दुसरी तऱ्हा जास्त वाईट. डायोड आतून तुटला, कायमचा बंद झाला, तर चांगल्या उन्हात काहीच कळत नाही. ज्या दिवशी सावली पडते त्या दिवशी सेल जळतो. आमचे झाले ते हेच.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला कोणी सांगितली नव्हती. जुन्या धाटणीच्या पॅनेलमध्ये या माळा लांबीच्या दिशेने असतात. पॅनेल उभे बसवले आणि खालच्या कडेवर आडवी सावली आली, तर ती एकाच वेळी तिन्ही माळांवर पडते. तिन्ही डायोड उघडतात आणि सबंध पॅनेल बाद होते. तेच पॅनेल आडवे बसवले असते तर खालची एकच माळ गेली असती. आता अर्ध्या सेलची १४४ वाली पॅनेल येतात. त्यांचा वरचा आणि खालचा भाग वेगळा चालतो, त्यामुळे खाली सावली आली तरी वरचा अर्धा भाग काम करतो.

सावलीचा हिशेब सांगतो. सोलापुरात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सात फुटी ताटाची सावली उत्तरेकडे सहा फूट पडते. सकाळी नऊ-साडेनऊला तीच बारा फुटांच्या आसपास जाते. वर्षातली सगळ्यात लांब सावली आणि ज्वारीची सगळ्यात जास्त उंची एकाच महिन्यात येतात, आणि पाण्याची निकडही त्याच महिन्यात असते. म्हणून पॅनेलच्या दक्षिणेला, पूर्वेला आणि पश्चिमेला बारा ते पंधरा फुटांत ज्वारी पेरू नका. तिथे हरभरा घ्या. कपाशीची उंच पऱ्हाटीही तिथे नको. कडब्याची गंज उत्तरेला रचा. पाखरांची विष्ठा ही पण सावलीच आहे, ती सकाळी काच थंड असताना धुवा. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका, काच तडकते.

हात कुठे लावायचा, कुठे नाही

झटका मशीनमधला डायोड तुम्ही घरी तपासू शकता. बॅटरी सोडवा, डायोड बाहेर काढा, मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एका बाजूने ०.५ ते ०.७ च्या आसपास आकडा यावा, तारा उलट्या लावल्या की काही येऊ नये. दोन्हीकडून शून्य आले तर आरपार झाला. दोन्हीकडून काहीच नाही तर तुटला. नवा घालताना रुपेरी पट्टी जुन्याच्या दिशेला ठेवा. वीज पट्टीकडे जाते, पट्टीकडून परत येत नाही.

पंपाच्या पॅनेलला मात्र हात लावू नका. दहा पॅनेल एकामागे एक जोडली की चारशे व्होल्टच्या वर एकदिश वीज होते. ऊन आहे तोवर ती बंद करायला बटण नाही. चालू पंपाचा जोड सोडला तर जाळ पेटतो आणि तो खांबावरच्या विजेसारखा लवकर विझत नाही. ते काम माहितगाराचेच. पण तो आला की त्याच्याशेजारी उभे राहा, प्रत्येक पॅनेलचे व्होल्ट मोजायला सांगा आणि वहीत लिहा. एकाच उन्हात एकाचे तीस आणि शेजारच्याचे पंचेचाळीस आले तर त्याला कारण विचारा. मग "ढग असतील" हे उत्तर तुम्हाला कोणी देणार नाही.

आणि डायोडकडून भलती अपेक्षाही ठेवू नका. खांबावरच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीचा एक फेज गेला तर डायोड तिला वाचवत नाही, त्याला सिंगल फेज प्रिव्हेंटर लागतो. विहीर कोरडी पडली तर कोरडी मोटार डायोड थांबवत नाही. ज्याचे त्याचे काम वेगळे.

मागणे काय

आता संघटनेचे काम. या बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. पटल्या तर ठराव करा.

एक, पंप ताब्यात देताना जोडणीचा मराठीतला नकाशा आणि प्रत्येक पॅनेलच्या व्होल्टची नोंद शेतकऱ्याच्या हातात दिली पाहिजे. त्याशिवाय सही करायची नाही.

दोन, डायोड, फ्यूज, सर्ज प्रोटेक्टर हे भाग आणि ते बदलणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळाला पाहिजे.

तीन, तक्रारीला दिवसांची मुदत असावी, आणि मुदत उलटली तर भरपाई. फुलोऱ्याचे पाणी नऊ दिवस थांबत नाही.

आणि एक काम आपले आपण करायचे. प्रत्येक तालुक्यातून दोन तरुण पुढे या, एक मुलगी आणि एक मुलगा. मल्टिमीटर वर्गणीतून घेऊ. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावातल्या पंपांची नोंद घेऊन या: पॅनेल उभी की आडवी, दक्षिणेला काय पेरले आहे, अर्थिंगच्या खड्ड्यात ओल आहे का, काचेखाली तपकिरी डाग आहे का. त्या नोंदीतून आपल्याला जिल्ह्याचे चित्र कळेल आणि ठरावाला वजन येईल.

आमच्या रानात या वर्षी पॅनेलपुढे हरभरा आहे. डबीतला नवा डायोड आम्ही डोळ्यांसमोर बसवून घेतला. जुना खिशात ठेवला आहे. चहाच्या वेळी ज्याला बघायचा असेल त्याने मागून घ्यावा, पण परत द्यावा. पुढच्या तालुक्याच्या बैठकीत तो दाखवायचा आहे.